क्वेत्सालानला मुक्कामाने जा

मेक्सिकोच्या सहलींची आपल्याकडची पत्रकं कानकूनच्या निळ्या समुद्रापाशी सुरू होतात आणि चिचेन इत्साच्या पिरॅमिडपाशी संपतात. फार तर मधे राजधानीचा एक दिवस. हौसेने जाणाऱ्यांनी तसं जरूर जावं. पण ज्यांना परमुलखातला आठवडी बाजार, चुलीजवळ बसून खाल्लेलं जेवण आणि डोंगरातलं धुकं यांची ओढ असते, त्यांनी पत्रकाबाहेरचं एक नाव टिपून ठेवावं: क्वेत्सालान. प्वेब्ला राज्याच्या उत्तरेला सिएरा नोर्ते ही डोंगररांग आहे. तिच्या मेक्सिकोच्या आखाताकडे उतरणाऱ्या अंगावर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर हे गाव वसलं आहे. मुलूख नहुआ आणि तोतोनाक या मूळ रहिवाशांचा. उतरत्या दगडी गल्ल्या, कौलारू छपरांच्या लांब पागोळ्या, मधोमध चर्च आणि त्यासमोर पायऱ्यापायऱ्यांचा चौक. आपल्या हिशेबाने तालुक्याचं गाव.

२००२ मध्ये मेक्सिको सरकारने त्याला ‘पुएब्लो माहिको’, म्हणजे जादुई गावांच्या यादीत घातलं. ही योजना पर्यटन वाढवण्यासाठी २००१ मध्ये सुरू झाली होती. यादीत नाव लागलं की रस्ते सुधारतात, हॉटेलं वाढतात आणि शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येऊ लागतात. क्वेत्सालानलाही येतात. दुपारी पोचायचं, उंच खांबावरून उडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करायचं, एक धबधबा, एक जेवण, आणि अंधार पडायच्या आत परत. माझ्या मते या गावाला जायची ही सर्वांत वाईट रीत. इथे ‘बघायची ठिकाणं’ मोजकीच आहेत. खरं पाहण्यासारखं आहे ते सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर. तेव्हा तीन रात्री काढा, त्यातली एक शनिवारची ठेवा आणि सोमवारी निघा. एवढी सवड नसेल तर प्वेब्ला शहरच नीट पाहा. तेही सुंदर आहे.

कधी जावं

आधी पावसाचं बोलू, कारण इथे सगळं त्याच्यावर चालतं. आखाताकडून येणारे बाष्पाचे ढग या डोंगराला अडतात आणि वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पाडतात. जून ते ऑक्टोबर तो धो धो असतो. ऑगस्ट-सप्टेंबर हे चक्रीवादळांचेही दिवस. ऑगस्ट २०२१ मधल्या ‘ग्रेस’ वादळाने या डोंगरातल्या गावांचं आणि पिकांचं मोठं नुकसान केलं. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडून गार वारे येतात आणि भुरभुर पाऊस, धुकं दिवसचे दिवस हटत नाही. मार्च ते मे हे त्यातल्या त्यात कोरडे, उबदार महिने.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, विशेषतः आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी, मार्च-एप्रिल गाठावा. वाटा कोरड्या असतात, धबधब्यांना पाणी असतंच, दऱ्या दिसतात. मेक्सिकोत ईस्टरचा आठवडा मात्र टाळा, सगळा देश तेव्हा रस्त्यावर असतो.

भिजायची तयारी असेल तर ऑक्टोबरसारखा महिना नाही. ४ ऑक्टोबर हा गावाचा पालकसंत फ्रान्सिस्को याचा दिवस. त्याला धरून कॉफीची आणि विपिलची जत्रा भरते. कॉफीची जत्रा १९४९ पासूनची, विपिलची १९६३ पासूनची. विपिल हे इथल्या बायकांचं हातविणीचं वस्त्र, आणि जत्रेत नहुआ मुलींमधून त्या वर्षाची विपिल राणी निवडतात. आजूबाजूच्या वाड्यांतले नाचाचे गट चर्चच्या अंगणात उतरतात. त्यातला ‘केत्साल’ नाच चुकवू नका. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर बोरूच्या काड्यांचं, रंगीत कागद आणि फितींनी विणलेलं चाकाएवढं मोठं शिरोभूषण असतं आणि ते सावरत ते तासन्‌तास पावलं टाकतात. २९ सप्टेंबरला शेजारच्या सान मिगेल त्सिनाकापान या गावाचीही जत्रा असते. ती अधिक घरगुती आणि मला अधिक भावणारी. या आठवड्यात खोली हवी तर काही महिने आधी सांगून ठेवावी लागते.

ऑक्टोबरअखेर मृतांचे दिवस येतात. घरोघरी पितरांसाठी चौरंग मांडतात. त्यावर पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे तामाले, ब्रेड, फळं, मेणबत्त्या, कोपालचा धूप आणि झेंडूच झेंडू. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच. २ नोव्हेंबरपर्यंत गावात राहिलात तर एखादं घर तुम्हाला चौरंग दाखवायला आत बोलावेलही. रिकाम्या हाताने जाऊ नका, फुलं किंवा मेणबत्त्या न्या. कॅमेरा मात्र पिशवीत ठेवा. विचारल्यावर ‘हो’ म्हणाले तरच काढा.

जायचं कसं

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कुणाचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल, तर वेगळ्या मेक्सिकन व्हिसाशिवाय पर्यटक म्हणून १८० दिवसांपर्यंत राहता येतं. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी आणि तिकडे नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी याचा फायदा घ्यावा. टेक्सासहून तर मेक्सिको सिटी अगदीच जवळ. अमेरिकेत परत शिरायचं असेल तर आपला व्हिसा तेव्हाही वैध राहील ना, हे आधी पाहा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. विमानतळावर अधिकारी किती दिवस लिहून देतो, तेही तिथल्या तिथे वाचा. भारतातून जाताना युरोपात किंवा अमेरिकेत विमान बदलावं लागतं. अमेरिकेत बदललं तर तिथला व्हिसा हवाच.

मेक्सिको सिटी २२४० मीटर उंचीवर आहे. लांबच्या प्रवासानंतर तिथे पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं. क्वेत्सालान त्याहून खाली असल्याने तिथे हा त्रास नाही. राजधानीच्या पूर्वेकडच्या ‘तापो’ बसस्थानकातून क्वेत्सालानला थेट बस मिळते, सहाएक तास लागतात. मी मधे प्वेब्लाला एक रात्र काढायला सांगेन. विमानतळावरूनच प्वेब्लाची बस आहे, दोन-अडीच तासांची. दुसऱ्या दिवशी सकाळी प्वेब्लाच्या ‘कापू’ स्थानकातून क्वेत्सालानची बस धरायची. जवळपास चार तास.

बस दिवसाचीच घ्या. एक तर शेवटच्या टप्प्यात वळणं आणि धुकं दोन्ही दाट असतात. दुसरं म्हणजे हा रस्ताच बघण्यासारखा आहे. सुरुवातीला घायपाताच्या रांगांचं कोरडं पठार, मग पाइनची झाडं. साकापोआश्तला हे गाव गेलं की रस्ता घाट उतरू लागतो आणि काही वेळातच बाहेरचं सगळं बदलतं: वृक्षनेचे, केळी, कॉफीच्या बागा, दरडींवरून ठिबकणारं पाणी. घाट लागत असेल तर गोळी घेऊन बसा. स्वतः गाडी चालवायचा हट्ट नको. गावात ती उभी करायलाही जागा नाही. सुरक्षिततेबद्दल लोक नेहमी विचारतात. मेक्सिको एकसारखा नाही. त्या त्या राज्याची ताजी सूचना वाचावी, रात्रीचा रस्त्यावरचा प्रवास टाळावा, दागिने घरी ठेवावेत. सिएरा नोर्तेच्या या भागात सावध प्रवाशाला याहून वेगळं काही करावं लागत नाही.

कुणाकडे उतरावं

चौकाच्या आसपास हॉटेलं पुष्कळ आहेत. पण मुक्कामाचे पैसे कुणाच्या हातात जातात याचा विचार करायचा असेल, तर दोन जागा डोळ्यांसमोर ठेवा. पहिली तासेलोत्सिन. ही नहुआ बायकांची. हातविणीच्या कापडाला रास्त भाव मिळावा म्हणून १९८५ मध्ये त्यांनी मासेउआल सिउआमेख मोसेन्योल्चिकाउआनी ही संघटना उभी केली (नाव एका दमात म्हणायचा प्रयत्न नंतर करा), आणि १९९७ मध्ये स्वतःचं हॉटेल काढलं. गावाच्या कडेला झाडीत आहे. औषधी वनस्पतींची बाग आहे, स्वयंपाक बायकांच्या हातचा. घरच्या माणसांचा विरोध, बँकेचं कर्ज, हिशेब शिकणं, या सगळ्यातून गेलेल्या बायका इथे भेटतात. बचतगटात काम केलेल्या कुणालाही त्यांच्याशी बोलायला विषय कमी पडणार नाही.

दुसरी तोसेपान काली, बांबूत बांधलेल्या खोल्यांची. ती तोसेपान तितातानिस्के या सहकारी संस्थेची. संस्थेची सुरुवात १९७७ मध्ये साखरेपासून झाली. व्यापारी साखर भरमसाट भावाने विकत होते, तेव्हा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ती थेट घाऊक आणायला सुरुवात केली. पुढे कॉफी, ऑलस्पाइस, मध, बांबू, स्वतःची पतसंस्था, शाळा असा व्याप वाढला. आज हजारो कुटुंबं सभासद आहेत. १९८९ मध्ये कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला, भाव कोसळले, त्याच वर्षअखेरीच्या कडाक्याच्या थंडीने बागा जाळल्या. त्यातून संस्था सावरली ती सेंद्रिय कॉफी आणि मिश्र पिकं यांच्या जोरावर. सहकाराचा अनुभव असलेल्या, आणि त्याने पोळलेल्याही, महाराष्ट्रातल्या माणसाने इथे एक दुपार द्यावी. दोन्ही ठिकाणी खोल्या साध्या आहेत. चादरी ओलसर लागतील. ती हवेची कृपा, त्याची तक्रार करू नये.

रविवार

गुरुवारीही बाजार भरतो, पण मोठा बाजार रविवारचा. उजाडताच आसपासच्या वाड्यांतून माणसं उतरू लागतात आणि चर्चसमोरचा चौक, त्याच्या पायऱ्या, खालच्या गल्ल्या भरून जातात. बायकांचा पांढरा घागरा, कमरेला लाल विणीचा पट्टा आणि खांद्यांवर ‘केच्केमित्ल’, म्हणजे पांढऱ्या जाळीदार कापडाचं त्रिकोणी वस्त्र. सणाच्या दिवशी केसांत लोकरीच्या जाड दोऱ्यांचं वेटोळं गुंडाळून त्यावर हे वस्त्र घेतात. पुरुषांचे पांढरे सुती कपडे आणि गवती टोपी. हे सगळं पर्यटकांसाठी नटलेलं नसतं. म्हाताऱ्या बायका रोज हेच नेसतात. तरुण मुली जीन्स घालतात आणि जत्रेला विपिल.

बाजारात काय घ्यावं? कॉफी घ्या, पण भाजून किती दिवस झाले ते विचारून. व्हॅनिलाच्या शेंगा घ्या. व्हॅनिला ही मूळची याच भागातली वेल, तोतोनाक लोकांनी जोपासलेली. ऑलस्पाइस घ्या. जोनोते झाडाच्या सालीपासून विणलेल्या टोपल्या हलक्या असतात, बॅगेत बसतात. जाळीदार केच्केमित्ल घ्यायचं असेल तर विणणारीकडून घ्या. हे कापड कमरेच्या मागावर होतं: ताण्याचं एक टोक खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेला, आणि पाठीच्या रेट्याने ताण सांभाळत काम चालतं. एका वस्त्रामागे दिवसचे दिवस जातात. यंत्रावरचं कापड शेजारीच निम्म्या-पाव किमतीला मिळतं, म्हणून हातमागाच्या भावात घासाघीस करण्यात अर्थ नाही. आपण भाजीवालीकडेही कोथिंबिरीची जुडी फुकट मागणारी माणसं. ती सवय इथे आवरा. बी, फळं, मांस मात्र विकत घेऊन भारतात आणू नका, विमानतळावर जप्त होतं.

मग ते प्रसिद्ध उड्डाण. चर्चच्या अंगणात एक प्रचंड उंच लाकडी खांब उभा असतो, जंगलातून विधिपूर्वक तोडून आणलेल्या झाडाचा. पाच जण वर चढतात. चौघं टोकाच्या चौकटीवर बसून कमरेला दोर बांधतात. पाचवा मधल्या हातभर ओट्यावर बसून, कधी उभा राहून, बासरी आणि छोटा ढोल एकाच वेळी वाजवत चारी दिशांना वंदन करतो. मग चौघं पाठीमागे झोकून देतात आणि दोर उलगडत, खाली डोकं वर पाय अशा गिरक्या घेत जमिनीवर येतात. रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या तेरा फेऱ्या, चौघांच्या मिळून बावन्न, कारण जुन्या मेसोअमेरिकी कालगणनेचं मोठं चक्र ५२ वर्षांचं होतं. पाऊस आणि सुपीकता मागण्याचा हा विधी आहे. युनेस्कोने २००९ मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. खाली जाळं नसतं. उड्डाण संपल्यावर त्यांच्यातला कुणी टोपी फिरवतो, तेव्हा हात सैल सोडा. वारा-पाऊस असेल तर उड्डाण होत नाही. त्यासाठी हुज्जत घालणारे पर्यटकही असतात, त्यांच्यापासून चार पावलं दूर उभे राहा.

दुपारी चार वाजता गाड्या परतू लागतात. पाचनंतर चौकातल्या कठड्यावर बसा. उरलेली फुलं स्वस्त होतात, पोरं फुटबॉल खेळतात, चर्चची घंटा होते आणि धुकं खालून वर येतं.

पोटाचं काय

मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला २०१० मध्ये युनेस्कोने वारशाचा मान दिला. त्या पाककलेच्या मुळाशी मका आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, धुतात आणि वाटतात. या प्रक्रियेतून निघालेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. तिने साल सुटते, पीठ चिवट होतं आणि मक्यातलं नियासिन अंगी लागतं. युरोपने मका नेला पण ही कृती नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा रोगाने गाठलं. क्वेत्सालानच्या स्वयंपाकघरात अजून दगडी ‘मेताते’वर वाटताना पाहायला मिळतं. हाताने थापलेली, मातीच्या तव्यावरून थेट ताटात आलेली तोर्तिया खाल्लीत की आपल्याकडे मेक्सिकन म्हणून मिळणाऱ्या कुरकुरीत प्रकारांबद्दल तुमचं मत कायमचं बदलेल.

इथली खासियत त्लायोयो. मक्याच्या पिठाच्या लांबट गोळ्यात सुक्या वाटाण्याचं वाटण भरायचं, त्यात मिरची आणि अवाकाडोच्या झाडाचं सुगंधी पान, आणि तव्यावर खरपूस भाजायचं. वर चटणी आणि किसलेलं चीज. बाजारात सकाळी मिळतो, गरमच खावा. चटण्यांमध्ये चिल्तेपिन शोधा, मिरीएवढी गोल, झणझणीत मिरची. तेलात परतलेली मिरची, तीळ, शेंगदाणे अशी चटणीही मिळते. तिची ओळख कोल्हापूरकरांना करून द्यावी लागणार नाही.

मांसाहाऱ्यांची चैन आहे. सेसिना, म्हणजे मीठ लावून वाळवलेलं मांस, एन्चिलादांबरोबर देतात, धुरावलेलं डुकराचं मांस असतं, मोले हा दाट मसालेदार रस्सा असतो. आणि नदीतली मोठी कोळंबी, अकामाया, मिळेल त्या दिवशी दुसरं काही मागवू नये.

शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. कोंबडी आणि मासे पुष्कळ जण मांसात धरत नाहीत. दोन, डुकराची चरबी, म्हणजे ‘मान्तेका’, घेवड्यात, तामालेमध्ये, कधी त्लायोयोच्या पिठातही असते. आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. तेव्हा हे वाक्य पाठ करा: ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि मान्तेका.’ कागदावर लिहून नेलंत तर आणखी बरं. मुक्कामाच्या जागी आदल्या दिवशी सांगितलंत तर बायका आनंदाने वेगळं रांधतात. उपासमार मुळीच होत नाही, कारण या डोंगरात रानभाज्यांची रेलचेल आहे. ‘केलितेस’ या नावाखाली राजगिऱ्याच्या कोवळ्या पानांपासून किती तरी पाले येतात, बेगोनियाचे आंबट देठ शिजवून खातात, पावसात अळंबी. राजगिरा तर मूळ तिकडचाच. ‘अलेग्रिया’ नावाने त्याची वडी रस्तोरस्ती मिळते आणि ती आपल्या उपासाच्या चिक्कीची सख्खी बहीण आहे. निघताना घरून थेपले-मेतकूट न्यायचं तर न्या, पण ते प्वेब्लापर्यंत संपवा.

जेवणाच्या वेळा जुळवून घ्या. मुख्य जेवण दुपारी दोन ते चार. रात्री आठनंतर गावातल्या लहान खाणावळी बंद होऊ लागतात आणि चौकात तामाले, गोड ब्रेड, मक्याचं गरम आतोले एवढंच उरतं. चहाची आशा सोडा. कॉफी मात्र मडक्यात गूळ आणि दालचिनी घालून उकळलेली, बिनदुधाची मिळते; दोन दिवसांत तिची सवय होते. योलिश्पा हे रानवनस्पती मुरवलेलं इथलं मद्य. लोक ते औषध म्हणून सांगतात. चव कडू-हिरवी, नशा चांगलीच, घोट लहान घ्यावा. पाणी बाटलीचंच प्या.

गावाबाहेर

योउआलिचान हे प्राचीन तोतोनाक नगराचं स्थळ गावापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. सामायिक गाडीने जाता येतं. पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडांच्या अंगावर चौकोनी कोनाड्यांच्या ओळी आहेत, व्हेराक्रूस राज्यातल्या जगप्रसिद्ध एल ताहिनमध्ये आहेत तशाच. फरक एवढाच की इथे गर्दी नसते. उन्हं तिरपी असताना, म्हणजे सकाळी लवकर, कोनाड्यांतल्या सावल्या फार देखण्या दिसतात. गावातच, कब्रस्तानाला लागून, ग्वादालूपेचं चर्च आहे. त्याच्या मनोऱ्यावर खालपासून वरपर्यंत मातीची मडकी ओळीने बसवली आहेत. पाच मिनिटांचं काम आहे, पण करावं.

लास ब्रिसास, लास हामाकास हे धबधबे सान आंद्रेस त्सिकुइलान या वाडीच्या बाजूला आहेत. वाट निसरडी. पाणी गार आणि पोहण्याजोगं, पण वर पाऊस झाला की क्षणात चढतं. गुहांबद्दल तर कडक शब्दांत सांगायला हवं. या चुनखडीच्या डोंगराच्या पोटात मैलोन्‌मैल गुहा आहेत. मार्च २००४ मध्ये सहा अनुभवी ब्रिटिश गुहासंशोधक अल्पासात गुहेत पाणी भरल्याने आठवडाभर अडकून पडले होते. तोंडाशी डोकावायचं तरी स्थानिक वाटाड्या घ्या, आणि पावसाळ्यात आत पाऊल टाकू नका.

एक अर्धा दिवस मधमाशांना द्या. इथे डंख न करणारी चिमुकली माशी पाळतात, आपल्या कोकणातल्या पोयाच्या माशीच्या गोतावळ्यातली. मातीची दोन मडकी तोंडाला तोंड लावून जोडतात, सांधा राखेने लिंपतात आणि ओसरीत त्यांची उतरंड रचतात. मध पातळ, किंचित आंबट, औषधाला वापरतात. थोडाच निघतो, म्हणून महाग. तोसेपानच्या लोकांना सांगितलं तर ते कॉफीची सावलीतली बाग आणि या मडक्यांची रांग दोन्ही दाखवतात.

किरकोळ गोष्टी थोडक्यात. रोख रक्कम प्वेब्लातच काढा आणि सुटे पेसो ठेवा. एक पेसो साधारण पाच रुपये. इंग्रजीवर विसंबू नका, भाषांतराचं ॲप फोनवर उतरवून न्या, दऱ्यांत नेटवर्क जातं. लोक स्पॅनिशबरोबर नहुआत बोलतात. ‘तासोहकामाती’ म्हणून आभार मानलेत तर विक्रेती हसून दोन मिरच्या जास्त टाकेल. बुटांचे तळवे खडबडीत हवेत. गुडघे दुखणाऱ्यांनी चौकाजवळची खोली घ्यावी, कारण गावात सपाट म्हणावी अशी गल्ली नाही.

परतताना राजधानीत एक दिवस राखून ठेवा, भित्तिचित्रातल्या एका मराठी माणसाला भेटायला. वर्ध्याला जन्मलेले गदर चळवळीतले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केलं, खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभारल्या. छायाचित्रकार तिना मोदोत्ती हिने त्यांच्या कामाची छायाचित्रं टिपली, आणि चित्रकार दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतल्या ‘आपली भाकर’ या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. खानखोजे १९५५ मध्ये मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळाही बसवला गेला. मंत्रालयाची ती इमारत शहराच्या जुन्या भागात, मुख्य चौकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. जाताना ओळखपत्र जवळ ठेवा.